वायनीमीच्या किनाऱ्यावरील छायायंत्र

लॉस एंजेलिसला लेकीसुनांकडे जाणाऱ्या आपल्याकडील मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. डिस्नेलँड, हॉलीवूड, सांता मोनिकाचा किनारा, मालिबूच्या डोंगरातील व्यंकटेशाचे मंदिर आणि सवड उरलीच तर लास वेगास. ह्या यादीत पोर्ट वायनीमी हे नाव आम्हांला कधी आढळले नाही. तेथे आम्ही ज्याच्यासाठी गेलो ते एका लहानशा सार्वजनिक उद्यानात, वाळूच्या काठाशी उभे केलेले एक छायायंत्र आहे. उज्जैनची वेधशाळा पाहत लहानाचे मोठे झालेल्या आम्हां माळव्यातील माणसांना छायायंत्राचे अप्रूप वाटण्याचे तसे कारण नव्हते. परंतु हे यंत्र वेळ सांगण्यासाठी उभारलेले नाही. वर्षातील एकच दिवस आणि त्या दिवसातील एकच क्षण ह्याच्या लेखी महत्त्वाचा आहे.

जानेवारीच्या मध्यास, एका निरभ्र दुपारी आम्ही उभयता लेक-जावयांसह निघालो. व्यंकटेशाचे दर्शन घेऊन मालिबू कॅन्यनच्या वळणावळणाच्या रस्त्याने उतरलो, तो एकदम समोर प्रशांत महासागर उभा राहिला. तेथून पश्चिमेकडे रस्ता समुद्राला खेटून जातो. उजव्या हाताला कोरड्या, पिवळसर डोंगरांच्या कडा आणि डाव्या हाताला लाटा. पॉइंट मुगूचा प्रचंड खडक ओलांडला की डोंगर मागे सरतात आणि ऑक्सनार्डचे सपाट, काळ्याभोर मातीचे मैदान लागते. येथे स्ट्रॉबेरीची शेती आहे. प्लॅस्टिकने झाकलेले वाफे सुताने आखल्यासारखे क्षितिजापर्यंत गेलेले आणि त्यांत कमरेत वाकून फळे खुडणारे मेक्सिकन मजूर, हे दृश्य पाहून आपण अमेरिकेत आहोत ह्याचा क्षणभर विसर पडतो. वाकलेली पाठ सगळीकडे सारखीच दिसते.

गावाच्या नावापाशी प्रत्येक परका माणूस अडखळतो. इंग्रजी अक्षरे ‘ह्युएनेमे’ असे काहीसे वाचायला लावतात. पण स्थानिक लोक ‘वायनीमी’ म्हणतात. किनाऱ्यावरील लाकडी धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आमचा उच्चार ऐकला, मान हलवली आणि शाळामास्तराच्या चिकाटीने तो आमच्याकडून तीनदा घोकून घेतला. हा मूळ शब्द चुमाश लोकांचा. युरोपीय येण्यापूर्वी हजारो वर्षे ह्या किनाऱ्यावर आणि समोरच्या बेटांवर त्यांची वस्ती होती. त्यांच्या भाषेत ह्या नावाचा अर्थ विसाव्याची जागा असा सांगतात. फळ्या शिवून केलेल्या ‘तोमोल’ नावाच्या होड्यांतून ते बेटांवर ये-जा करीत. फळ्यांच्या सांध्यांत जमिनीतून पाझरणारे डांबर भरीत. डांबर सुटले की होडी गळणार, म्हणून ते पुन्हा पुन्हा भरावे लागे. आज त्याच विसाव्याच्या जागी खोल पाण्याचे बंदर आहे. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को ह्यांच्या दरम्यान असे बंदर हेच एक. केळ्यांची आणि मोटारींची जहाजे येथे लागतात, शेजारी नौदलाचा मोठा तळ आहे.

किनाऱ्यावर उभे राहून नैर्ऋत्येकडे पाहिले म्हणजे सुमारे बारा मैलांवर अॅनाकापा बेट दिसते. खरे तर ती एका रांगेत पाण्याबाहेर आलेली तीन बेटे आहेत. चुमाश भाषेतील ‘अन्यापाख’ ह्या शब्दावरून हे नाव आले आणि त्याचा अर्थ मृगजळ. आम्ही पाहत होतो त्या तासाभरात बेटाने दोनदा रूप बदलले. कधी ते पाण्यावर तरंगत असल्यासारखे दिसे, तर कधी कडे दुप्पट उंच झाल्यासारखे वाटत. ज्यांनी नाव ठेवले त्यांनी ते डोळे उघडे ठेवून ठेवले ह्यात शंका नाही.

ह्या बेटाचा एक जुना इतिहास आहे. १८५३ च्या डिसेंबरात ‘विनफील्ड स्कॉट’ नावाची आगबोट धुक्यात वाट चुकून त्याच्या खडकांवर आदळली. सुदैवाने माणसे वाचली, बोट गेली. बेटावर दिव्याची गरज आहे हे त्या दिवशी सर्वांना कळले. परंतु पहिला, माणसाविना चालणारा दिवा लागला तो १९१२ साली आणि पक्के दीपगृह उभे राहिले ते १९३२ साली. अपघात आणि त्यावरील उपाय ह्यांच्यामध्ये कधीकधी किती वर्षे जातात ह्याचा हा एक नमुना.

दुसरी गोष्ट पक्ष्यांची. ह्या बेटावर तपकिरी पाणकोळ्यांची मोठी वीण होते. डीडीटी समुद्रात मिसळून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत गेले, तेव्हा त्यांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ होऊ लागली की उबवायला बसलेल्या पक्ष्याच्या भारानेच ती फुटत. १९७० साली सबंध अॅनाकापावर एकच पिल्लू जगले. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि पाणकोळी हळूहळू सावरले. आम्ही होतो तेव्हा ते लाटांच्या अगदी वरून, एकामागे एक, माळेसारखे जात होते. कवचाची जाडी किती उरली आहे हे वेळीच कोणी मोजले नसते, तर आज ही माळ आम्हांला दिसली नसती. जाडी मोजण्याचा हाच विषय पुढे वेगळ्या रूपाने येणार आहे, म्हणून हे येथे सांगितले.

आता छायायंत्राकडे येऊ. किनाऱ्यावरील उद्यानात एक मोठी वर्तुळाकार तबकडी आहे. तिच्यावर ब्राँझचे डॉल्फिन झेपावलेले आहेत. सांता बार्बराचे शिल्पकार बड बॉटम्स ह्यांची ही रचना. तबकडीच्या परिघावर ब्राँझच्या लहान लहान पट्ट्या बसविल्या आहेत आणि प्रत्येक पट्टीवर एक नाव कोरले आहे. अशी नावे अठ्ठ्याऐंशी आहेत. दरवर्षी ३१ जानेवारीला दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी यंत्राची छाया एका स्मृतिफलकावर पडते. त्या घटकेला सूर्यास्ताला तासाभराचा अवधी उरलेला असतो आणि सूर्य नैर्ऋत्येच्या बाजूला, जवळजवळ त्याच समुद्रावर कललेला असतो जेथे ती माणसे गेली. आम्ही गेलो त्या दिवशी ३१ तारखेला दोन आठवडे अवकाश होता. सव्वाचार वाजून गेले तेव्हा छाया लांब झाली, फलकाच्या दिशेने सरकली. पण तिची जागा थोडी निराळीच राहिली. ते एका अर्थी बरेच वाटले. तो क्षण ज्यांचा आहे त्यांच्यासाठीच तो राखलेला असावा.

३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे २६१ क्रमांकाचे विमान मेक्सिकोतील पुएर्तो वायार्ता ह्या सागरी पर्यटनस्थळाहून निघाले. ते सॅन फ्रान्सिस्कोमार्गे सिअॅटलला जाणार होते. विमान एमडी-८३ जातीचे. ८३ प्रवासी आणि ५ कर्मचारी. सुट्टी संपवून घरी परतणारी कुटुंबे होती, मुले होती आणि कित्येक प्रवासी तर त्याच विमान कंपनीच्या सेवेतील माणसे किंवा त्यांचे नातलग होते. कॅलिफोर्नियाच्या घड्याळाप्रमाणे दुपारी दीडच्या सुमारास उड्डाण झाले. पंधरावीस मिनिटांच्या आतच शेपटीवरचा आडवा पंख हलेनासा झाला.

कॅप्टन टेड थॉम्पसन आणि सहवैमानिक विल्यम टॅन्स्की ह्या दोघांनी पुढचे दोन तासांहून अधिक काळ ते विमान ३१,००० फुटांवरून हाताच्या जोरावर आणले आणि शेवटी लॉस एंजेलिसला उतरण्याचे ठरविले. चार वाजून नऊ मिनिटांनी अडकलेला भाग सुटला. पण सुटला तो भलत्याच दिशेला. विमानाने नाक खाली घातले आणि सुमारे ऐंशी सेकंदांत ते सात हजार फूट खाली आले. दोघांनी मिळून, अंगातील सारे बळ लावून त्याला पुन्हा सावरले. त्यानंतर दहा मिनिटे मिळाली. त्या दहा मिनिटांत कॅप्टनने नियंत्रण कक्षाला जे सांगितले ते नोंदीत आहे. विमान आपल्या ताब्यात राहते की नाही हे आपण पडताळून पाहणार आहोत आणि ते आपल्याला पाण्यावर राहूनच करायचे आहे, असा त्याचा आशय. समोर, काही मिनिटांच्या अंतरावर लॉस एंजेलिसची दाट वस्ती होती. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास उरलासुरला आधारही तुटला. विमान उलटे झाले, तशाही स्थितीत दोघे ते उडवू पाहत राहिले. अॅनाकापाच्या उत्तरेला पावणेतीन मैलांवर ते समुद्रात गेले. कोणीही वाचले नाही. वैमानिकांच्या संघटनेने दोघांना मरणोत्तर शौर्यपदक दिले. त्या संध्याकाळी ह्या किनाऱ्यावरील मासेमारीच्या नौका कोणी बोलावण्याची वाट न पाहता शोधासाठी निघाल्या होत्या.

हे सारे कशामुळे झाले, हा प्रश्न तबकडीवरील नावे वाचताना मनातून जात नाही. त्याचे उत्तर समजण्यास विमानविद्येची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरात चकलीचा पितळी सोऱ्या असला तरी पुरे. सोऱ्याचा आट्यांचा दांडा फिरविला की तो खाली सरकतो, उलट फिरविला की वर येतो. आटे शाबूत आहेत तोवर दांडा नेमका हवा तेवढाच सरकतो. आटे झिजले की तो घसरू लागतो. एमडी-८३ च्या शेपटीच्या माथ्यावर बारा मीटर लांबीचा आडवा पंख असतो आणि विमानाचे नाक वर राहावे की खाली हे त्या पंखाच्या कलावर ठरते. हा कल बदलणारा भाग म्हणजे सुमारे दोन फूट लांबीचा, दीड इंच जाडीचा पोलादी स्क्रू. त्याला जॅकस्क्रू म्हणतात. तो ज्या नटमधून फिरतो तो नट मऊ धातूचा, अॅल्युमिनियम-ब्राँझचा. पोलाद आणि ब्राँझ एकमेकांवर घासत असताना झिजायचे ते ब्राँझने, अशी योजनाच असते. म्हणूनच त्यांच्यामध्ये सतत वंगण असावे लागते आणि ब्राँझ किती झिजले हे ठरावीक काळाने मोजावे लागते. ह्या दोन कामांवर सारे अवलंबून आहे.

नटमध्ये आट्यांच्या दोन माळा कोरलेल्या असतात. एक गेली तरी दुसरी भार पेलील, असा आराखडा करणाऱ्यांचा हिशेब होता. कागदावर तो चोख होता. पण दोन्ही माळा एकाच धातूच्या तुकड्यात, एकाच वंगणावर जगणाऱ्या. वंगण आटले की दोघी एकाच वेळी झिजणार, हे त्या हिशेबात धरलेले नव्हते.

वंगणाची मुदत कशी लांबत गेली हे चौकशीच्या अहवालात वर्षवार दिले आहे आणि ते वाचताना आम्हांला एखाद्या घरातील दुरुस्ती पुढे ढकलण्याची आठवण झाली. १९८७ मध्ये ही कंपनी दर ५०० उड्डाण-तासांनी वंगण देत असे. १९८८ मध्ये ते १००० तासांवर गेले, १९९१ मध्ये १२०० वर, १९९४ मध्ये १६०० वर. १९९६ मध्ये तासांचा हिशेबच सोडून आठ महिन्यांची मुदत ठरली. म्हणजे सुमारे २५५० तास. आटे मोजण्याची मुदतही तशीच वाढली. १९८५ मध्ये ५००० तास, १९८८ मध्ये सव्वीस महिने, १९९६ मध्ये तीस महिने, म्हणजे सुमारे साडेनऊ हजार तास. ह्यांतील कोणतीही वाढ चोरून केलेली नव्हती. प्रत्येक वेळी कागद तयार झाले आणि सरकारी यंत्रणेने त्यांना मान्यता दिली. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून थोडीच उंच होती. मागील मुदतीत काही बिघडले नाही, म्हणून पुढची मुदत थोडी अधिक, हा युक्तिवाद ऐकायला किती वाजवी वाटतो! पण झीज ही त्या मुदतींची बेरीज करीत असते, हे त्या कागदांवर कोठे लिहिलेले नव्हते.

सप्टेंबर १९९७ मध्ये ह्या विमानाच्या आट्यांची ओकलंड येथे मोजणी झाली. ही मोजणी करताना शेपटीच्या पंखाला एकदा वर आणि एकदा खाली ताण देतात आणि स्क्रू नटमध्ये किती ढिला झाला आहे ते डायलवर वाचतात. ४० सहस्रांश इंच, म्हणजे साधारण एक मिलिमीटर, ही त्याची कमाल मर्यादा. पहिल्या मोजणीत काटा नेमका ४० वर थांबला. पाळीवरील मेकॅनिकने नट बदलावा असे लिहून ठेवले. दुसऱ्या पाळीत पुन्हा मोजणी झाली, ती ३३ भरली आणि विमान सेवेत गेले. दोन मोजण्यांतील फरक केसादोनकेसांच्या जाडीचा. कंपनीने मोजणीसाठी स्वतः बनवून घेतलेली साधने मूळ उत्पादकाच्या मापाबरहुकूम नव्हती, हे पुढे चौकशीत उघड झाले. त्या दिवसानंतर ते विमान सुमारे नऊ हजार तास उडाले आणि त्या काळात आट्यांना पुन्हा कोणी मापपट्टी लावली नाही, कारण नियमाने ती लावण्याची वेळ आलेली नव्हती.

नौदलाच्या दूरनियंत्रित यंत्रांनी सुमारे सातशे फूट खोल समुद्रातून तो जॅकस्क्रू वर काढला, तेव्हा स्क्रूभोवती ब्राँझच्या तारेसारखे काहीतरी गुंडाळलेले होते. ते नटचे उरलेले आटे होते. जवळजवळ नऊ-दशांश जाडी आधीच झिजलेली, बाकीची शेवटच्या दिवशी कापली गेलेली. स्क्रूच्या कामाच्या भागावर वंगणाचा मागमूस नव्हता. नटमध्ये वंगण शिरण्याची वाट वाळलेल्या किटाने बंद झालेली होती. नेहमीची झीज हजार तासांना एक सहस्रांश इंच अपेक्षित असते. येथे ती त्याच्या बारापट होती. शेवटचे वंगण सप्टेंबर १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दिल्याची नोंद होती. ते काम तासाभरात उरकत असे, असे ते करणाऱ्याच्या जबानीत आले. नीट करायचे तर त्याला कित्येक तास लागतात. ज्या झडपेतून हात घालून हे काम करायचे ती इतकी अरुंद होती की आत काय चालले आहे ते करणाऱ्यालाही नीट दिसत नसे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २००२ मध्ये निष्कर्ष दिला. अपुऱ्या वंगणामुळे नटचे आटे झिजून तुटले, हे कारण. वाढविलेल्या मुदती, त्यांना मिळालेली सरकारी मान्यता आणि आटे गेल्यावर विमान सावरील अशी दुसरी व्यवस्था आराखड्यातच नसणे, ही त्याला साहाय्यक कारणे. मधल्या काळात वंगणाचा प्रकार बदलला होता, त्याचीही बारकाईने तपासणी झाली. दोष त्याचा ठरला नाही. मंडळाने दोष कोणा एका मेकॅनिकच्या माथी मारला नाही, हे आम्हांला विशेष वाटले.

उपाय मात्र अहवालाची वाट पाहत थांबला नाही. अपघाताला दोन आठवडे होण्याच्या आत संघीय विमानवाहतूक प्रशासनाने सक्तीचा आदेश काढला. डीसी-९, एमडी-८०, एमडी-९० आणि बोईंग ७१७ ह्या एकाच कुळातील विमानांचे जॅकस्क्रू बहात्तर तासांच्या आत तपासायचे होते. अपघातानंतरच्या ह्या तपासणीत त्याच कंपनीच्या आणखी दोन विमानांत स्क्रूपाशी धातूचा कीस सापडला. ती दोन विमाने त्या वेळी प्रवासी घेऊन उडत होती, एवढे लक्षात घेतले म्हणजे त्या बहात्तर तासांचे मोल कळते. पुढे ह्या कुळातील सर्व विमानांसाठी दर ६५० तासांनी वंगण आणि दर २००० तासांनी आट्यांची मोजणी बंधनकारक झाली.

असा आदेश म्हणजे काय, हे प्रवास करणाऱ्या सर्वसामान्य माणसाला सहसा ठाऊक नसते. विमान तयार होऊन विकले गेले की उत्पादकाचे आणि सरकारचे काम संपत नाही. जगात कोठेही त्या जातीच्या विमानात धोक्याचा दोष आढळला, तर ज्या देशाने त्या आराखड्यास मान्यता दिली तो देश आदेश काढतो: अमुक भाग, अमुक मुदतीत तपासा, दुरुस्त करा किंवा बदला. तो पाळल्याची नोंद झाल्याशिवाय विमान कायद्याने उडण्यास योग्य राहत नाही. आपल्या देशातील विमानांनाही नागरी विमानवाहतूक महासंचालनालयामार्फत असे आदेश लागू होतात. इंदूर-मुंबई वा इंदूर-दिल्ली विमान पहाटे उशिरा सुटले की आपण चरफडतो. त्या विलंबाची कारणे अनेक असतात, पण एखादे वेळी शेपटीपाशी शिडी लावून कोणीतरी अशाच एका आदेशाचे पालन करीत असते.

येथे आमच्या मनात आपली खंडेनवमी आली. त्या दिवशी शिवणयंत्र, हातोडी, आडकित्ता, गाडी, छापखान्यातील यंत्रे सारी पुसून स्वच्छ होतात, त्यांच्या सांध्यांत तेल पडते आणि मग हळदकुंकू लागते. लहानपणी आम्हांला ती नुसती पूजा वाटे. आमच्या वडिलांच्या पिढीला ठाऊक होते की पूजेच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी प्रत्येक अवजार हातात घेऊन, उलटेसुलटे करून पाहिले जाते. बैलगाडी काय किंवा विहिरीवरचा रहाट काय, वंगण संपले की कुरकुरतो आणि धन्याला हाक मारतो. ही जुनी अवजारे बोलकी होती. आकाशातील स्क्रू बोलत नाही. त्याचे आटे दहा वर्षे मुकाट्याने झिजतात आणि शेवटच्या दिवशीच आवाज करतात. म्हणून त्याच्यासाठी तक्रारीची वाट पाहून चालत नाही, तिथी ठरवूनच त्याच्यापाशी जावे लागते. ती तिथी पुढे ढकलणारा माणूस दुष्ट असतो असे नाही. त्याच्यापाशी बहुधा चांगलीच कारणे असतात.

उज्जैनच्या वेधशाळेचीही कथा थोडी अशीच आहे. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात ती उभारली आणि पुढे दीर्घकाळ ती दुर्लक्षित राहिली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला म्हणून तिच्या सम्राटयंत्रावर आजही वेळ वाचता येते. दगडाच्या यंत्रालाही कोणीतरी अधूनमधून हात लावावाच लागतो. वायनीमीचे यंत्र तर खारट वाऱ्यात उभे आहे. ब्राँझवर हिरवट छटा धरते. तरी नावांच्या कडा आम्हांला स्पष्ट वाचता आल्या. काही पट्ट्यांपाशी शंख-शिंपले ठेवलेले होते, एकीपाशी सुकलेली फुले. कोणीतरी येऊन जात असते.

हे विमान बांधले गेले ते लॉस एंजेलिसजवळच्या लाँग बीचच्या कारखान्यात, १९९२ साली. अपघाताच्या जागेहून तो कारखाना मोटारीने दोन तासांच्या टप्प्यात. त्या कारखान्यातून ह्या मालिकेची सुमारे बाराशे विमाने बाहेर पडली. अलास्का एअरलाइन्सने २००८ मध्ये आपली शेवटची एमडी-८० निवृत्त केली, इतर मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी २०१९ आणि २०२० मध्ये. म्हणजे ज्या स्क्रूसाठी ते आदेश निघाले, तो स्क्रू आता फारसा उडत नाही. परंतु त्या अरुंद झडपेत हात घालून, न दिसणाऱ्या जागी वंगण पोहोचविण्याचे काम प्रत्येक विमानात कोठे ना कोठे आहेच आणि ते रात्री, आपण निजलेले असताना, कोणीतरी करीत असते.

आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले त्या बाजूला आहेत, त्यांनी व्यंकटेशाच्या दर्शनाला जाल तेव्हा दुपार मोकळी ठेवून पुढे जावे. रस्ता सुंदर आहे, किनारा शांत आहे, जवळच्या बंदरांतून अॅनाकापा बेटावर जाणाऱ्या नौकाही मिळतात. हिवाळ्याच्या दिवसांत दक्षिणेकडे निघालेले करडे देवमासे ह्याच पाण्यातून जातात आणि नशीब असेल तर त्यांचा फवारा दिसतो. छायायंत्रापाशी गेल्यावर सारी नावे एकदा वाचावीत. अठ्ठ्याऐंशी नावे सावकाश वाचायला सहासात मिनिटे लागतात. आमच्या जावयांनी ती वाचून झाल्यावर मोटारीपाशी येऊन, काही न बोलता, चारही चाकांची हवा तपासली आणि मग आम्ही घराकडे निघालो.